कसबे, पेठ, बंदर : निजामशाहीतल्या बाजारगावांचा नकाशा कसा करावा

सगळ्यात आधी साल ठरवा. गावांची यादी त्यानंतर.

‘मध्ययुगीन महाराष्ट्रातील बाजारपेठा’ असं भारदस्त शीर्षक देऊन कामाला बसलात, तर यादवांचं पैठण, बहमनींचं जुन्नर आणि पेशव्यांचं पुणे एकाच कागदावर शेजारी शेजारी येतील. बघणाऱ्याला वाटेल, ही सगळी गावं एकाच वेळी गजबजलेली होती. मी माझा नकाशा 1490 ते 1636 एवढ्या काळात बांधून घेतला. 1490 मध्ये मलिक अहमद बहमनींपासून वेगळा झाला, 1636 मध्ये त्याची अहमदनगरची निजामशाही बुडाली. दोन्ही टोकं पक्की आहेत, मधला दीडशे वर्षांचा काळ एका माणसाला झेपेल एवढा आहे. तुम्हाला यादवकाळ घ्यायचा असेल तर साधनं वेगळी लागतील. तिथं महानुभावांचं लीळाचरित्र आणि विशेषतः स्थानपोथी हाताशी ठेवा. चक्रधर कुठल्या गावात कुठं उतरले, ती जागा गावाच्या कुठल्या अंगाला, हे स्थानपोथीत दिशांसकट दिलेलं असतं. मोजणीच्या माणसाला ती पोथी फार आवडावी अशी आहे.

माझी नोकरी भूकरमापकाची. साखळी, प्लेन टेबल, शेवटी शेवटी ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र, असा सगळा प्रवास केला आणि निवृत्तीनंतर मोडी शिकलो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात मोजणी खात्याच्या सवयी डोकावतील. त्यातली मुख्य सवय अशी, की मोजणीच्या नकाशावर टिपण (जागेवर घेतलेल्या मापांची नोंद) नसलेली रेघ चालत नाही. इथंही ज्या ठिपक्यामागे कागद किंवा दगड नाही, तो ठिपका काढायचा नाही.

पट्टा आणि कागद

माझा पट्टा चौल–कल्याणच्या किनाऱ्यापासून पैठणपर्यंत. उत्तरेला दौलताबाद, दक्षिणेला परांडा आणि इंदापूर. 1:5,00,000 या प्रमाणावर हा पट्टा साधारण 58 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच होतो. शीर्षक, सूची आणि टीपा धरून ए1 कागद घ्या. ए2 वर बसवायचा हट्ट केला की घाटांची नावं एकमेकांवर चढतात.

उगाच अख्खा महाराष्ट्र घेऊ नका. वऱ्हाड, खानदेश, दक्षिण कोकण हे त्या काळातले वेगळे संसार होते, त्यांची बंदरं वेगळी आणि रस्तेही वेगळे. दाभोळ घ्यायचं तर त्यामागची आदिलशाही घ्यावी लागते, मग विजापूर घ्यावं लागतं, आणि काम कधीच संपत नाही.

ठिपक्याआधी तक्ता

संगणकावर नकाशाची खिडकी उघडायची घाई करू नका. आधी साध्या स्प्रेडशीटमध्ये तक्ता करा. माझे रकाने असे आहेत: कागदातलं नाव, आजचं नाव, तालुका, प्रकार, पुरावा, पुराव्याचं साल, पुराव्याची प्रत, माल, बाजाराचा वार, अक्षांश, रेखांश, शेरा.

पुराव्याची प्रत, म्हणजे त्याचा दर्जा, हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी तीन प्रती लावतो. ‘अ’ म्हणजे त्याच काळातलं लिखाण: पत्र, शिलालेख, प्रवाशाची नोंद. ‘ब’ म्हणजे नंतरच्या कागदात जुन्याविषयी सांगितलेलं. ‘क’ म्हणजे नुसती वास्तू, गावाचं नाव किंवा गावकऱ्यांची सांगी. नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो मोठा दगडी रांजण सगळेजण जकातीचा म्हणून दाखवतात. दाखवू देत. माझ्या तक्त्यात तो ‘क’, आणि त्यातून तो सातवाहनांच्या गोष्टीतला, म्हणजे माझ्या काळाच्या बाहेरचा. घाट मात्र माझ्या काळातही वाहता होता, म्हणून घाट राहतो आणि रांजण जातो.

नमुन्याच्या दोन नोंदी सांगतो.

नागोठणे. प्रकार: खाडीवरचं बंदर. पुरावा: गावाजवळचा जुना दगडी पूल, चौलच्या काझी अलाउद्दीनने साधारण 1580 मध्ये तो बांधल्याची नोंद इंग्रजी काळातल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. प्रत: ब. शेरा: चौलचा माणूस इथं पूल बांधतो, म्हणजे चौलचा माल या वाटेनं घाटाकडे जात असावा.

पुणे. प्रकार: कसबा. शेरा: 1630 च्या सुमारास मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलं. म्हणजे माझ्या नकाशावर पुण्याचा ठिपका आहे, पण त्याच्या अखेरच्या सालाला फुली आहे. शिवाय 1630 ते 1632 चा मोठा दुष्काळ याच पट्ट्यावर कोसळला. ‘सुरुवात’ आणि ‘अखेर’ असे आणखी दोन रकाने ठेवलेत तर अशी गावं नीट दाखवता येतात. वाचक पुण्याच्या ठिपक्याकडे आज जेवढ्या आदरानं बघतो, तेवढा आदर त्या काळात जुन्नरच्या वाट्याला होता, हे नकाशात दिसलं पाहिजे.

बाजारगाव ओळखायचं कसं

मराठी कागद वाचताना गावाच्या नावाआधीचा शब्द बघा. ‘मौजे’ असेल तर शेतीचं गाव. ‘कसबे’ असेल तर परगण्याचं किंवा तर्फेचं (हे मुलखाचे जुने महसुली भाग) मुख्य ठाणं, जिथं बाजार, कारागीर आणि सरकारी माणसं असत. ‘पेठ’ असेल तर मुद्दाम वसवलेली व्यापारी वस्ती, कधी कसब्याला चिकटून, कधी स्वतंत्र. ‘बंदर’ तर उघडच आहे. माझ्या तक्त्यातला ‘प्रकार’ या चार शब्दांवरच चालतो. शहर, निमशहर, उपनगर असल्या आजच्या वर्गवाऱ्या त्यात घुसवू नका.

आजच्या गावांच्या नावांतही ही शेपटं राहिली आहेत: कसबे सुकेणे, कसबे डिग्रज, कसबा बावडा, पेठ वडगाव. आंबेगाव तालुक्यात आणि वाळव्यात तर नुसतंच ‘पेठ’ नावाचं गाव आहे. माझ्या पट्ट्यातली अशी नावं आधी चाळून घ्या. पण नावावरून फक्त शंका घ्यायची, ठिपका काढायचा नाही. कुठलीशी पेठ अठराव्या शतकात वसलेली असते आणि आपण तिला निजामशाहीत बसवून मोकळे होतो.

नावापेक्षा पक्की खूण महजरात सापडते. महजर म्हणजे वतनाच्या तंट्याचा निवाडा. त्यात सुरुवातीला हजर असलेल्यांची यादी असते: देशमुख, देशपांडे, पाटील, चौगुले, बलुते. त्या यादीत शेटे आणि महाजन आले की कान टवकारा. शेटेपण आणि महाजनकी ही पेठेची वतनं. पेठ वसवायची, व्यापारी आणायचे, वजनमापं बघायची, पेठेतले तंटे मिटवायचे, हे त्यांचं काम. शेटे-महाजन सहीला आहेत म्हणजे त्या गावात त्या सालापर्यंत पेठ उभी आहे. माझ्या नकाशातले कितीतरी ठिपके असे पाहुण्यांच्या यादीतून निघाले, मूळ तंटा कशाचा का असेना.

दुसरी खूण जकातीच्या शब्दांची. ‘थळमोड’ म्हणजे माल त्या ठिकाणी उतरवून विकला त्यावरची जकात, ‘थळभरीत’ म्हणजे तिथून माल भरून नेला त्यावरची. या दोन्ही जिथं घेतल्या जातात तिथं खरा बाजार आहे. जिथं फक्त वाटेनं जाणाऱ्या मालावर जकात घेतात तिथं चौकी आहे. घाटाच्या तोंडाशी अशा चौक्या असायच्याच. चौकीला बाजारगाव समजू नका, तिची खूण वेगळी काढा. आणि ‘मोहतर्फा’ दिसला तर तो कारागिरांवरचा आणि दुकानदारांवरचा कर. तो भरायला कारागीर लागतात, म्हणजे वस्ती मोठी.

तिसरी खूण कौलनाम्याची. नव्या पेठेला काही वर्षं जकात माफ करून व्यापाऱ्यांना बोलावलं जाई. कौल मिळाला याचा अर्थ पेठ वसली असा नाही. पुढच्या कागदात ती चालू दिसली तरच ठिपका भरीव, नाहीतर पोकळ.

हे कागद शोधायला मोडी यायलाच हवी असं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेली साधनं, भारत इतिहास संशोधक मंडळाची शिवचरित्र साहित्याची पुस्तकं, यांत भरपूर मजकूर देवनागरीत छापलेला आहे. निजामशाहीतले अस्सल मराठी कागद मोजकेच आहेत हे खरं. पण पुढच्या शतकातले वतनदार भांडताना ‘आमच्या आज्याला निजामशाहीत कसं मिळालं’ हे सांगतातच. ती ‘ब’ प्रत. भांडणारा माणूस आपलं वतन जितकं जुनं दाखवता येईल तितकं दाखवतो, हे लक्षात ठेवून वाचा. सातबाऱ्याच्या तंट्यात मी हेच ऐकत आलो आहे.

सुहूर सनाचं गणित

इथं घाई केलीत तर नकाशा आठ वर्षांनी सरकेल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मराठी कागदांत बहुतेक सुहूर सन ही जुनी कालगणना असते; सन अंकांत नसतो, तो अरबी आकडेशब्दांत लिहिलेला असतो. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, हजार. इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, आर्बा 4, खमस 5, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9, अशर 10. पुढं इशरीन 20, सलासीन 30, आर्बैन 40, खमसैन 50, सितैन 60, सबैन 70, समानीन 80, तिसैन 90. मया म्हणजे 100, अलफ म्हणजे 1000. हा कागद भिंतीला चिकटवून ठेवा. सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन यांत गल्लत व्हायला एक पुसट अक्षर पुरतं.

‘खमस अशर व अलफ’ म्हणजे 5, 10 आणि 1000, एकूण 1015. त्यात 599 मिळवा: 1614. सुहूर वर्ष मृगाला लागतं, म्हणून कागद जानेवारी ते मे मधला असेल तर 600 मिळवायचे, म्हणजे 1615. आता हाच 1015 आकडा एखाद्या फार्सी फर्मानात असेल तर तो हिजरी असण्याचा संभव आहे, आणि हिजरी 1015 म्हणजे 1606–07. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्या कारकिर्दीत आठ वर्षांत खूप काही घडतं. 1610 मध्ये त्याने खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, ती या दोन तारखांच्या मधोमध येते. कागदात शकही दिला असेल तर ताळा करून बघा: शक अधिक 78, आणि जानेवारीपासून चैत्रापर्यंत 79. फसली, म्हणजे महसुली, सन भेटला तर दक्षिणेत 590 मिळवा.

तक्त्यात मूळ सन जसा लिहिलाय तसा एका रकान्यात आणि इसवी सन दुसऱ्या रकान्यात ठेवा. मूळ पुसून टाकलात तर पुढं कुणालाच तपासता येणार नाही.

प्रवासी काय सांगतात

अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी 1470 च्या आसपास चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला आला, पावसाळा तिथं काढला आणि पुढं बीदरला गेला. जुन्नरच्या सुभेदाराने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला होता ही गोष्ट तो विसरलेला नाही. माझ्या 1490 च्या आधीचा हा माणूस, पण रस्त्यासाठी मी त्याला घेतो, कारण वीस वर्षांत घाट जागा सोडत नाहीत. ठिपक्यांसाठी घेत नाही.

दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज 1516 च्या सुमाराचा. त्याने चौलबद्दल सांगितलेली गोष्ट नकाशा करणाऱ्यानं घोकून ठेवावी. एरवी वस्ती थोडीच, पण माल भरण्याच्या हंगामात, डिसेंबर ते मार्च, आजूबाजूच्या मुलखातले व्यापारी बैलांच्या पाठीवर माल घालून येतात, सौदे करतात आणि परत जातात. त्या महिन्यांत गाव जत्रेसारखं फुलतं. म्हणजे ठिपक्याचा आकार लोकसंख्येवरून ठरवायचा नाही. चौलला मी वेगळी खूण केली, हंगामी बाजाराची, आणि बाजूला महिने लिहिले.

चौलबद्दल आणखी एक. वरचं चौल निजामशाहीचं, आणि खाडीच्या तोंडाचं रेवदंडा पोर्तुगिजांचं, त्यांचा किल्ला 1520 च्या दशकातला. हे दोन ठिपके आहेत. 1:5,00,000 वर ते जवळजवळ एकमेकांना टेकतात. टेकू देत, पण एक करू नका. दोन राज्यं होती, दोन जकाती होत्या.

गाव नेमकं कुठं होतं

आता अक्षांश-रेखांश. गुगलवर गावाचं नाव टाकून मिळालेला बिंदू घेऊ नका. तो बहुधा एसटी स्टँडचा किंवा पोस्टाचा असतो. जुनं गावठाण शोधा. त्याच्या खुणा ठरलेल्या: वेस, चावडी, पार, बारव, गढी, आणि पेठ असेल तर एक रुंद सरळ रस्ता, ज्याच्या दोन्ही अंगांना अरुंद पण खोल जागा ओळीनं बसलेल्या. नगर भूमापनाच्या नकाशात हे लगेच डोळ्यात भरतं, कारण शेतकऱ्यांच्या वाड्यांच्या हद्दी वेड्यावाकड्या असतात आणि दुकानांच्या हद्दी कोयत्यानं कापल्यासारख्या समांतर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल अर्ज करून, फी भरून मिळते. आळ्यांची नावं बघा: कासार, तांबट, साळी, शिंपी, मोमीन, बागवान. जुन्नरला कागद होत असे, दौलताबादजवळ कागजीपुरा आजही आहे. ही नावं ‘माल’ रकान्यात जातात, प्रत ‘क’.

नदीकाठच्या गावांना आणखी एक धोका आहे. धरणं. उजनीखाली आणि जायकवाडीखाली कितीतरी जुनी गावठाणं गेली. पळसदेवचं देऊळ उजनीचं पाणी ओसरलं की डोकं वर काढतं. अशा पट्ट्यात उपग्रह चित्रावर विसंबू नका, नवं गावठाण काही किलोमीटर सरकलेलं असतं. धरणाआधीचा टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा, काढा. अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात छापलेली यू502 मालिका, 1:2,50,000 प्रमाणाची, टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येते. तिच्यात उजनीही नाही आणि जायकवाडीही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत जुन्नर 47ई/16 वर येतं, चाकण 47एफ/13 च्या अगदी तळाशी.

सारखी नावं हा कायमचा ताप आहे. खेड, वडगाव, पिंपळगाव किती आहेत ते मोजूच नका. कागदात तर्फ आणि परगणा दिलेला असतो, त्यावरून सोडवायचं. तो नसेल तर महजरातल्या शेजारच्या गावांची नावं बघा. दोन-तीन शेजारी एकत्र सापडले की गाव पकडता येतं. नाही पकडता आलं तर ते गाव तक्त्यात राहील, नकाशावर येणार नाही.

नावं लिहिताना त्या काळचं नाव मोठं, आजचं खाली बारीक. खडकी, खाली छत्रपती संभाजीनगर. अहमदनगर, खाली अहिल्यानगर. चांभारगोंदे, खाली श्रीगोंदा. खेड, खाली राजगुरुनगर. यावर वाद घालणारे भेटतील. त्यांना तक्त्यातला कागद दाखवा आणि चहा पाजा.

क्यूजीआयएसमध्ये

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तक्ता सीएसव्ही म्हणून साठवताना यूटीएफ-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उगवतील. फाईल आत घेताना एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. जुन्नरचा रेखांश 73.88, अक्षांश 19.20. उलटं घातलंत तर जुन्नर नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाच्या समुद्रात जाऊन पडतं. नकाशावरून गावं गायब झाली की पहिल्यांदा तिकडं शोधा.

प्रोजेक्टसाठी अंतरं मीटरमध्ये देणाऱ्या यूटीएम पद्धतीचा पट्टा 43 उत्तर घ्या, सूचीतला ईपीएसजी क्रमांक 32643. तो 72 ते 78 अंश रेखांशाला चालतो, म्हणजे आपला सगळा पट्टा त्यात बसतो. नागपूरकडचं काम असेल तर 44.

जुना नकाशा स्कॅन करून जिओरेफरन्सरमध्ये बसवताना गावाच्या नावाच्या अक्षरांवर बिंदू धरू नका. समासावरच्या अक्षांश-रेखांशांच्या काट्या धरा. त्या नसतील तर नद्यांचे संगम आणि किल्ल्यांचे माथे. किल्ले हलत नाहीत. चार कोपरे आणि मध्ये चार-पाच बिंदू पुरतात. जुन्या भारतीय पत्रकांचा पाया एव्हरेस्टच्या मापावरचा आहे. तो आजचा जीपीएसचा डब्ल्यूजीएस84 समजून घातलात तर सगळं काहीशे मीटर सरकतं. सूचीत ‘कल्याणपूर’ नावाच्या पद्धती आहेत, त्यांतली पत्रकावर लागू असलेली निवडा.

रस्ते

हा माझा आवडता भाग, आणि इथंच बहुतेक नकाशे बिघडतात. लोक दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ मारतात, किंवा आजच्या महामार्गावरून पेन फिरवतात. चौल ते जुन्नर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यातून फक्त घाटांनीच जाता येतं. म्हणून आधी घाट बसवा: नाणेघाट, माळशेज, आहुपे, कुसूर, बोरघाट. एकेक घाट माथ्याच्या आणि पायथ्याच्या गावांसकट. नाणेघाटाला वर घाटघर, खाली वैशाखरे. रस्ता या दारांतून गेलाच पाहिजे.

मग उंचीचा नकाशा आणा. एसआरटीएमची 30 मीटरची माहिती फुकट मिळते. क्यूजीआयएसबरोबर येणाऱ्या ग्रासमध्ये ‘आर डॉट वॉक’ नावाचं साधन आहे, ते चढउतार धरून कमी कष्टाची वाट काढून देतं. पण ते चालणाऱ्या माणसासाठी बनवलेलं आहे. लदलेला बैल माणसासारखा चढत नाही, तीव्र उताराला त्याला जास्त दंड लावा. शिवाय बैलाला रोज पाणी आणि चारा लागतो. तांडा चरत चरत जातो, दिवसाला दहा-बारा किलोमीटर धरले तर बास. सतराव्या शतकातल्या ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहून ठेवलंय. असला तांडा कोरड्या माळावरून जाणार नाही, मग वाट कितीही जवळची असो.

संगणकानं काढलेली वाट ही सूचना समजा. ती घेऊन गाव नकाशावर जा. गाव नकाशात तुटक रेघांनी पाऊलवाट आणि जोडरेघांनी गाडीरस्ता दाखवलेला असतो. गावागावातून एकाच दिशेनं जाणारा पांदणरस्ता सापडला, वाटेत ठरावीक अंतरावर बारवा लागल्या, तर वाट पक्की होत जाते. प्रवाशाचा किंवा कागदाचा आधार असलेली वाट सलग रेघेनं, संगणकाची तुटक रेघेनं. पावसाळ्यात घाट बंद पडत, हे सूचीत एका ओळीत लिहा.

बाजाराचा वार

आठवड्याचे बाजार चिवट असतात. बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी, जुन्नरचा बाजार रविवारी, चाकणचा शनिवारी. शेजारच्या गावांचे वार एकमेकांना टाळतात, कारण तेच व्यापारी तोच माल घेऊन फिरतात. आजचे वार गोळा करा, मग 1880 च्या दशकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरशी ताडून बघा; पुण्याचा खंड 1885 चा, नगरचा 1884 चा. दोन्हीकडे वार जुळला म्हणजे तो किमान सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत मागं नेता आला. निजामशाहीपर्यंत नेता आला असं नाही. म्हणून वारांचा थर मी मुख्य नकाशात घालत नाही, कोपऱ्यात छोटा नकाशा करून देतो आणि त्यावर ‘एकोणिसावं शतक’ असं ठळक लिहितो. वर्षाच्या जत्रांचंही तसंच. मुरबाडजवळच्या म्हशाच्या पौषातल्या जत्रेत गुरं आणि घोंगड्या विकल्या जातात. तिला निजामशाहीत ओढायचा मोह मलाही होतो, पण कागद मिळेपर्यंत ती कोपऱ्यातच.

खुणा आणि छपाई

चौलची हंगामी खूण सोडली तर पाचापेक्षा जास्त खुणा नकोत. कसब्याला चौकोन, पेठेला गोल, बंदराला त्रिकोण, जकात चौकीला आडवी रेघ, घाटाला दोन पाठमोऱ्या कमानी. ‘अ’ प्रत भरीव, ‘ब’ अर्धी, ‘क’ पोकळ. काळी शाई धरून तीन रंग पुरतात. रंग जास्त झाले की झेरॉक्समध्ये सगळं एक होतं, आणि गावच्या वाचनालयात तुमचा नकाशा झेरॉक्सच होऊन जाणार आहे. डोंगरछटा अगदी फिकट ठेवा. अक्षरांसाठी मुक्त हा टंक चांगला, जोडाक्षरं बारीक आकारातही वाचता येतात. अक्षरांभोवती पांढरी कडा द्या.

पोकळ जागा पोकळ राहू द्या. माझ्या नकाशात पारनेरच्या पूर्वेला एक मोठा कोरा तुकडा आहे आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की इथं काहीच नव्हतं का. तिथं मी ‘कागद मिळाला नाही’ एवढंच छापलंय. त्या भागातल्या कुणाच्या माळ्यावर दप्तर असेल तर तो वाचून पुढं येईल, हा त्यामागचा स्वार्थ.

नकाशाबरोबर तक्ताही द्या, पीडीएफ नको, उघडता येईल अशी फाईल द्या. फाईलच्या नावात तारीख टाका, म्हणजे नवा कागद सापडून ठिपका भरला किंवा पुसला की कुठली आवृत्ती ताजी ते कळेल. आणि छापण्याआधी एक प्रिंट काढून जुन्नर-नगरकडच्या एखाद्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यापुढं पसरा. कुठल्या ठिपक्यावर तो बोट ठेवून ‘हा रस्ता असा नव्हता’ म्हणेल ते शेऱ्यात लिहून घ्या, प्रत ‘क’.